मास्तरांची अटक

गुलाम हुसेन मास्तरांनी जन्मभर इंग्रजी कृती करून शिकवलं. दार उघडायचं आणि उघडता उघडता 'मी दार उघडतो आहे' असं इंग्रजीत ओरडायचं. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. तिच्यापायी इशरतचं, त्यांच्या मुलीचं, लग्न मोडायची पाळी आली.

१९९१ सालची गोष्ट. पडघ्याचे मोहिउद्दीन शेठ सहकुटुंब होकार द्यायला यायचे होते. आधी बायकाच येऊन गेल्या होत्या. फोटोतला पोरगा इशरतच्या मनात भरला होता. ती सकाळपासून खिडकी सोडेना.

मास्तर ओट्यावर जानू शिपायाला शिकवत होते. त्याला हवालदारकीच्या परीक्षेत इंग्रजी आडवं येत होतं.

"अहो, आज तरी शिकवणी नको," आतून मास्तरांच्या बायको खदीजाभाभी म्हणाल्या.

"एकच क्रियापद. ॲप्रिहेंड. पहिला अर्थ, अटक करणे. जानू, कर."

"कोणाला, सर?"

"इथे दुसरं कोण आहे? मला!"

जानू ड्युटीवर निघालेला, वर्दीतच होता. त्याने मास्तरांची कॉलर मन लावून धरली आणि त्यांना ओट्याखाली उतरवलं. तेवढ्यात शेठची फियाट दारात थांबली.

समोरच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून लूमवाले धावत आले. "मास्तर को पकड लिया!"

गाडीतून शेठच्या बायकोचा, सुरैयाबींचा आवाज आला, "गाडी वळवा. दारात पोलीस! असल्या घरची पोरगी न्हाय आणायची."

खिडकीत इशरत पांढरीफटक. जानू इतका घाबरला की कॉलर सोडायचीच विसरला. मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना, कारण गळा जानूच्या हातात होता.

शेठ उतरले. दोघांभोवती एक फेरी मारली आणि वर्गात विचारतात तशा सुरात म्हणाले, "व्हॉट आर यू डुइंग?"

"आय ॲम ॲप्रिहेंडिंग सर, सर!" जानू खाडकन बोलला.

"शाब्बास! आता सोड त्यांना." शेठ मास्तरांच्या पायाशी वाकले. "पाचवी ब, सर, मागचा बाक. 'रन' शिकवताना तुम्ही मला दापोड्याच्या रस्त्याने पळायला लावलं होतं. सुरैया, उतर. हा धडा चाललाय, गुन्हा न्हाय."

लूमवाले थोडे हिरमुसून परत गेले.

आत बसल्यावर जानू हळूच म्हणाला, "सर, दुसरा अर्थ राहिला."

"समजणे. त्याची कृती मला अजून सापडलेली नाही रे," मास्तर गळा चोळत म्हणाले.

सुरैयाबींनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग चिमूटभर साखर घेऊन इशरतसमोर उभ्या राहिल्या आणि घसा खाकरून ओरडल्या,

"मी सुनेला साखर भरवते आहे!"


"आय ॲम ईटिंग," इशरत भरल्या तोंडाने म्हणाली.