टाकीतला डोंगर

मी एक दगड आहे आणि आज बोलायचं ठरवलं आहे. दगडाने बोलावं का, आणि बोललाच तर ते कुणी ऐकावं का, याविषयी माझ्या मनात शंका आहेत. पण मी राहतो त्या घरात बोलणारं दुसरं फारसं कुणी नाही, म्हणून धीर करतो.

माझा जन्म पाण्यातला. कधीकाळी एका समुद्राच्या तळाशी शिंपले साठत गेले, दबत गेले, त्यांचा मी झालो. पुढे समुद्र निघून गेला. अंगावर शिंपल्यांचे अर्धवट ठसे राहिले. एवढी मोठी हकीकत सांगतो खरी, पण आकार म्हणाल तर दोन हातांनी उचलावा लागेल, इतकाच.

एका कोरड्या ओढ्यातून मला एका बाईंनी उचलून घरी आणलं. त्यांचे यजमान घड्याळजी. दुकान बंद केल्यापासून ते घरातच खिडकीशी टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याचं भिंग न काढताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"फिरायला गेलीस आणि धोंडा घेऊन आलीस?"

"गॅलरीचं दार आपटलं की तुमचा हात हलतो, स्क्रू उडतो, आणि मग गुडघे टेकून शोधायचा कुणी? मी. आता हा दार धरून बसेल."

अकरा वर्षं मी दार धरून बसलो. बाई कुंड्यांना पाणी घालायला जाता-येता मला पायाने नीट सरकवत. ती लाथ नव्हती. 'जरा सरक रे' म्हणायची त्यांची पद्धत होती, असं मी तरी समजत आलो.

मग एका आजारपणात बाई गेल्या. घड्याळजींनी गॅलरीचं दार लावलं, ते लावलेलंच राहिलं. बंद दाराला दगड काय कामाचा? मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. काचेतून कुंड्या दिसत. एकेक वाळत गेली, दोन चिवट निघाल्या. घरातलं एक माणूस गेलं की उरलेलं माणूस पावलांचा आवाज न करता वावरू लागतं, कुणाची झोपमोड होईल तसं. हे मी आठ महिने पाहिलं.

एके दिवशी मुलगी काचेची रिकामी टाकी घेऊन आली. "बाबा, भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा पाण्याकडे बघा. आत झाडं लावा, नंतर मासे सोडा. टाकी घेतली त्या दुकानातल्या ताई सगळं सांगतील फोनवर."

"मी घड्याळं लावणारा माणूस. झाडं काय लावणार?"

"चिमटा धरता येतो ना? मग झालं तर."

घड्याळजींनी वही काढली आणि मत्स्यदुकानातल्या ताईंचं सांगणं लिहून घेतलं. काळी दाणेदार माती मागे उंच, पुढे उतरती, म्हणजे टाकी खोल वाटते. मग एक मोठा दगड, डोंगरासारखा. "पण अगदी मधोमध नको हं काका. फोटोला बसल्यासारखा दिसतो. जरा बाजूला, जरा तिरका."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर कोपऱ्यात माझ्यावर थांबली. मला ब्रशने घासून धुताना शिंपल्याच्या एका ठशावर त्यांचा अंगठा बराच वेळ फिरत होता.

"आधी परीक्षा करा," ताईंनी बजावलं होतं. "ओरखडा काढून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फेस आला तर तो दगड पाण्यात विरघळतो, क्षार वाढवून पाणी जड करतो. तुम्हाला हवे आहेत त्या माशांना ते सोसत नाही."

त्यांनी ओरखडा काढला, भिंग लावलं, थेंब टाकले. माझ्या अंगावर बारीक बुडबुडे उठले. त्यांनी ते पुसले आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा थेंब टाकले. तिथेही तेच.

ताईंचा फोन आला. "काय झालं काका?"

"काही नाही. एक बुडबुडासुद्धा नाही."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलल्यावर उगाच टेबल आवरतो. त्यांनी टेबल आवरलं.

घड्याळाचा चिमटा पुरेना, म्हणून त्यांनी तो एका काडीला बांधून लांब केला. माझ्या पायथ्याशी गवताची दोन-दोन पाती, बोटभर अंतर सोडून, सबंध दुपार रोवली. मग माती उकरली जाऊ नये म्हणून बशीवर धार धरून पाणी सोडलं. पाणी माझ्या गुडघ्याशी आलं, छातीशी आलं, डोक्यावरून गेलं. किती काळाने! मला वाटलं, मी घरी आलो.

पाणी मुरायला महिना द्यायचा होता. मुलगी फोनवर विचारी, "मासे नाहीत, मग बघता काय?"

"डोंगर बघतो. तुझ्या आईचा आहे."

पुढे आठ इवलेसे मासे आले. त्यांतला एक सदा माझ्या आडोशाला असे. घड्याळजी त्याला 'लाजाळू' म्हणत. ते दर आठवड्याला थोडं पाणी काढून, त्यात औषधाचे थेंब टाकून जडता तपासत; जितके जास्त थेंब, तितकं पाणी जड. रंग बदलायला आधी चार थेंब लागत, मग सात, मग अकरा. माझ्याजवळचं गवत पिवळं पडलं. मासे खाईनासे झाले. एक गेला, मग दुसरा. मी काहीच केलं नव्हतं, नुसता तिथे होतो. नुसतं असण्यानेही कुणाचं बिघडतं, हे मला त्या दिवसांत कळलं. कुणाला सांगणार?

घड्याळजी बाटलीत पाणी भरून घेऊन गेले. ताईंनाच घेऊन परतले.

"काका, फेस आला होता ना?"

"आला होता."

"मग घातलात कशाला?"

"तिने आणलेला आहे."

ताईंनी वाकून काचेतून माझ्याकडे पाहिलं. "दगड ठेवायचा तर मासे परत न्यायला हवेत. जड पाण्यातले दुसरे देईन. हेच ठेवायचे तर दगड काढा. उद्यापर्यंत ठरवा."

दुसऱ्या सकाळी ते टाकीसमोर बसले. लाजाळू माझ्या आडून निघाला, काचेपर्यंत आला, पुन्हा आत गेला. घड्याळजींनी बाही वर केली. मला उचलताना मातीतली मुळं तुटू नयेत म्हणून त्यांनी एकेक पातं बोटाने बाजूला धरलं. मी निथळत त्यांच्या हातात होतो.

"तिने तुला दार धरायला आणलं होतं," ते म्हणाले. "मी भलत्याच कामाला लावलं."

मग टाकीतलं पाणी थोडं बदलायचं होतं. बादली भरली. काढलेलं पाणी झाडांना चांगलं असतं, असं त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. त्यांनी बादलीकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं. कडी गंजली होती, दार दोनदा अडलं. उघडल्यावर वारा आत आला. त्यांनी मला दाराशी ठेवलं आणि पायाने किंचित सरकवलं.

आता दर आठवड्याला बादली माझ्यावरून जाते. दोन कुंड्यांना नवी पानं आहेत. माझी पाठ टाकीकडे आहे, त्यामुळे सहा मासे कसे आहेत ते मला दिसत नाही. नळीतून हवा सुटते त्याचा आवाज तेवढा येतो. माझ्या जागी त्यांनी दुसरा दगड ठेवलेला नाही, असं मुलगी बोलताना ऐकलं. लाजाळू आता कुठे लपतो, कुणास ठाऊक.

तुम्ही कधी पाण्यात बाग लावायला घ्याल, तर दगडाची परीक्षा जरूर करा. फेस आला तर त्याला पाण्यात घालू नका. पण फेकूनही देऊ नका. कुठलं तरी दार असतंच. बादली घेऊन जाताना माझ्यावरून थोडं पाणी सांडतं. तेवढी ओल मला पुरते.