चुलीपाशी मांडव

ग्यानोबा अंगणात पावलं टाकून मांडवाची जागा मोजत होते. वारंगा फाट्याला त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. पण आसपास कुठंही बौद्ध पद्धतीनं लग्न लावायचं असलं की बोलावणं त्यांनाच येई. लग्नाआधी एकदा घरी जाऊन ते सगळं ठरवून घेत. आज ते बाळापूरला जनकाबाईंकडे आले होते. त्यांच्या निर्मलाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं.

“बुद्धाच्या फोटोपुढं दोन्हीकडून मेणबत्ती लागंल,” ते म्हणाले. “पोराकडून त्याची माय, केशरबाई. पोरीकडून कोण?”

“माय,” निर्मला म्हणाली.

जनकाबाईंनी हातातल्या सुपातले तांदूळ जोरात पाखडले.

“मी न्हाई. हिचा काका लावंल. मी मागं चुलीवर राहीन.”

“काहून?”

“इधवा बाई पुढं कशाला? केशरबाईला न्हाई आवडलं तर पोरीला जलमभर बोलणी.”

“धर्म घेऊन अठरा वर्सं झाली, बाई. आपल्यात आता हे न्हाई.”

“तुमच्या पुस्तकात नसंल, भाऊ. बायकांच्या तोंडात हाय.”

निर्मला ताडकन उठली.

“मग मी बी चुलीपाशीच उभी राहीन. लावा तिथंच लग्न.”

ती रागानं बोलली होती. ग्यानोबा मात्र मागच्या दारानं परसात गेले आणि तिथं पावलं टाकू लागले.

“जागा बराबर हाय. चुलीचा चर इकडं खांदा, फोटोचं टेबल तिकडं ठिवू.”

“पाव्हणे हसतील,” जनकाबाई दारातून म्हणाल्या.

“हसू द्या. त्यायला जेवण जवळ पडंल.”

निर्मलाला हसू फुटलं. जनकाबाई पुन्हा तांदूळ पाखडायला बसल्या.

लग्नाच्या दिवशी परसात माणूस मावेना. केशरबाई आल्या, उंच, ताठ मानेच्या. दहा हातांवर पेटलेला चर बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“वरमायला धुरात बसवून राहिले का?”

त्या सतरंजीवर बसल्या.

त्रिशरण म्हणून झालं. केशरबाईंनी उठून आपली मेणबत्ती लावली आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

“पोरीकडून?” ग्यानोबांनी विचारलं.

काका खाकरला. निर्मलानं त्याच्याकडं बघितलं, तसा तो होता तिथंच राहिला. जनकाबाई पाठमोऱ्या होत्या. मोठ्या पातेल्यातला भात उलथण्यानं हलवत होत्या. ग्यानोबांना पुढचं म्हणायला घेता आलं असतं. ते हात जोडून थांबले. बायकांत कुजबुज सुरू झाली. नवरदेव मुंजाजी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

“भात लागंल,” जनकाबाई मागं न वळता म्हणाल्या.

केशरबाई उठल्या. वरमाय रुसून निघाली असं वाटून दोघे-तिघे आडवे आले. त्यांना हातानंच बाजूला सारून त्या चरापाशी गेल्या, नव्या पांढऱ्या लुगड्याचा पदर त्यांनी कमरेला खोचला आणि उलथण्याचा दांडा धरला.

जनकाबाई सोडेनात.

“सोडा, इहीनबाई,” केशरबाई म्हणाल्या. “मला बी येतो भात.”

जनकाबाईंनी हात पदराला पुसले. मग पुन्हा एकदा पुसले.