दूरचा हात

मी दरवाजा बोलतोय. घराचा नव्हे, गाडीचा. चालकाच्या बाजूचा, रस्त्याकडे उघडणारा. मला दात असते, तर दातओठ खातच बोललो असतो.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझं आयुष्य चाललंय. स्टिअरिंगला लोंबकळणारे, समोर मांजर दिसताच डोळे मिटणारे, सगळे शिकाऊ मी पाहिले. आमचे मास्तर कडक. शेजारच्या सीटवरून माझ्याकडे बोट दाखवून रोज सांगायचे, “दार दूरच्या हातानं, म्हणजे डाव्या हातानं उघडा. तो हात इकडे आणला की अंग वळतं, मान वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. जवळच्या हातानं उघडलंत, तर माझ्याशी गाठ आहे!”

मला मास्तरांचा केवढा अभिमान होता!

आमच्या रस्त्यावर सायकलींसाठी पट्टा आखलाय, तोही उभ्या गाड्यांना अगदी खेटून. मी उघडलो की निम्मा पट्टा मीच अडवतो. तो आखणारा जन्मात सायकलवर बसला नसावा.

त्या दिवशी गाडी कशी लावायची हे दाखवायला मास्तर स्वतः स्टिअरिंगवर बसले. शेजारी निवृत्तीनंतर शिकायला आलेले एक काका. गाडी झोकात लागली. तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. दूरचा हात फोन घेऊन कानाला गेला आणि जवळच्या हातानं त्यांनी मला ढकललं.

गावात शिवणकाम करणाऱ्या एक ताई सायकलवर पट्ट्यातूनच येत होत्या. त्या माझ्यावर आदळल्या. टोपलीतले शिवलेले गणवेश रस्ताभर झाले. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. तो अजून माझ्या पत्र्यात आहे.

“मास्तर, मागं बघितलंत तरी का?” त्यांनी कण्हत विचारलं.

“बघितलं तर! तुम्हीच गाडीला घासून चालला होतात.”

जमलेल्यांनीही सायकलवाल्यांच्याच नावानं बोटं मोडली. काकांनी सगळं पाहिलं होतं, पण त्यांना परीक्षा पास व्हायचं होतं. ते मूग गिळून बसले.

गॅरेजवाल्यानं मला ठोकून सरळ केलं, वर रंग फासला. ताईंचं मनगट तसं सरळ झालं नाही. हातात कात्री धरवत नाही म्हणतात. आता त्या या रस्त्यानं पायी जातात, आणि त्या दिसल्या की मास्तर आरसा पुसायला लागतात.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण त्या दिवसापासून मास्तरांनी दूरच्या हाताचा धडाच बंद केला. बोलायला गेलं की जीभ अडखळत असेल. आता इथून शिकून जाणारा प्रत्येक जण जवळच्या हातानं दार उघडतो. स्वतःची लाज झाकायला या माणसानं सगळ्या गावाचे दरवाजे मोकळे सोडलेत.

मला मान नाही, ती तुम्हाला दिलीय. निदान ती तरी वळवा.

आत्ताही एक शिकाऊ बाई गाडी लावून माझ्याकडे हात आणतेय. जवळचाच. मास्तर शेजारीच बसलेत. मागून सायकलची घंटी जवळ येतेय.

अहो मास्तर, आता तरी तोंड उघडा!