आंघोळीला गेलेला मुलगा

रुग्णालयाच्या शिवणखोलीत चादरींना ठिगळं लावण्यात जिचा जन्म गेला, तिला सगळे शिवणबाई म्हणत. निवृत्ती तोंडावर आली होती. नवरा कधीच गेलेला, मुलगा लग्न करून दूरच्या शहरात. सवड मिळाली की तो फोन करायचा, आणि सवड ही चीज त्या बिचाऱ्याच्या नशिबातच नव्हती.

एकट्या बाईमाणसाने राहायचं म्हणजे शंभर भानगडी. म्हणून बाईंनी युक्ती काढली होती. मुलाचे जुने बूट दाराबाहेर ठेवायचे, मधूनमधून त्यांना पॉलिश करायचं, आणि संध्याकाळी दारात किल्ली फिरवताना मोठ्याने म्हणायचं, "आले रे मी." जिन्यात कोणी आगंतुक असलाच तर त्याला कळावं, आत पुरुषमाणूस आहे. पुढे पुढे जिन्यात कोणी नसलं तरी त्या हाक मारू लागल्या. घरात तेवढाच एक आवाज व्हायचा.

एकदा संध्याकाळी दार वाजलं. काखेत फाईल घेतलेला अनोळखी माणूस उभा. कुठल्याशा खात्याचं नाव पुटपुटून त्याने विचारलं, "घरात आणखी कोण असतं?"

"मुलगा आहे की. आंघोळीला गेलाय," बाई म्हणाल्या. आणि मान वळवून, "अरे, आटप लवकर, कोणीतरी आलंय."

माणसाने बुटांकडे पाहिलं, फाईलमध्ये काहीतरी खरडलं आणि तो गेला. कसा पिटाळला, म्हणून बाई स्वतःवरच खूश.

थोड्या दिवसांनी पत्र आलं. कमी पगारावर एकट्याने राहणाऱ्यांना सरकार भत्ता देतं, तो बाईंना काही वर्षं मिळत होता. आता कळलं की घरात कमावता मुलगा राहत असल्याने तो चुकून दिला गेला आणि सगळाच्या सगळा निवृत्तीच्या रकमेतून कापला जाईल. कापून उरणाऱ्या पैशांत म्हातारपण सोडाच, एक हिवाळासुद्धा निघाला नसता.

"पण मावशी, तुम्हीच तसं सांगितलंत ना?" कचेरीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली.

"मग दारात परका पुरुष उभा असताना मी एकटीच आहे म्हणून सांगू?"

मुलीला ते पटलं, पण तिच्या पटण्याला तिथे कोण विचारतो? मुलाच्या पत्त्याचा दाखला नाहीतर शेजाऱ्याची लेखी साक्ष, दोन्हीपैकी एक हवं होतं.

मुलगा फोनवर म्हणाला, "बघतो." त्याचं बघून होईना आणि मुदत संपत आली. राहिला शेजारी.

शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचे कंडक्टर. ते निवृत्त झालेले, आणि तेही एकटे. जिन्यात भेटले की बाई त्यांना मुलाची सर्दी, मुलाची रात्रपाळी असं काहीबाही ऐकवायच्या. आता त्याच तोंडाने जायचं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी गेल्या.

कंडक्टरांनी चष्मा लावला आणि एक अक्षर न विचारता लिहून दिलं, 'या बाई एकट्याच राहतात.'

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमची हाक ऐकू यायची. उत्तर कधी आलं नाही."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"तुम्ही आहे म्हणता, मी कशाला नाही म्हणू?"

वसुली रद्द झाली. बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी त्यांनी किल्ली फिरवली ती हाक न मारताच. आता ते लेखी होतं. आत जाऊन त्या दिवासुद्धा न लावता बसून राहिल्या. इतकं एकटं त्यांना नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर कंडक्टर, घरातल्या बनियनवरच.

"काही झालं नाही ना? आज हाक ऐकू आली नाही."

"कोणाला मारू आता?"

ते बुटांकडे बघत राहिले. "ती ऐकली की मी चहा टाकतो," ते म्हणाले. "आज राहूनच गेला."

दुसऱ्या दिवशी बाईंनी जिन्यातूनच हाक मारली.