दुकानातले बाकीचे सामुराई

हेमलता जळगावच्या शाळेत चित्रकला शिकवायची. धुळ्याची दिपमाला तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. दोघींचा यूट्यूबवर अ‍ॅक्शन फिगरचा, म्हणजे हातपाय वळणाऱ्या छोट्या बाहुल्यांचा, चॅनल होता. दिपमाला फिगर मिळवून आणायची आणि हेमलता कॅमेऱ्यासमोर बोलायची.

मार्चमधल्या व्हिडिओत तिनं दोन फिगर शेजारी उभ्या केल्या. साडेतीन हजारांचा अमेरिकन सैनिक वजनाला चांगला होता, पण त्याचे गुडघे सैल होते आणि भुवईचा रंग कपाळावर आलेला. आठ हजारांच्या जपानी सामुराईच्या पापण्यासुद्धा रेखीव. कोपर वळवावं तिथं थांबायचं. "पैसे दुपटीहून जास्त आहेत, पण काम बघा!" हेमलता मनापासून म्हणाली. खाली दिपमालानं धुळ्यातल्या एका दुकानाचा पत्ता टाकला.

महिन्याभरानं अमळनेरचे रोहिदास नाना हेमलताच्या दारात आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, तिचा प्रत्येक व्हिडिओ बघणारे. त्यांनी रुमालातून सामुराई काढला. हात खांद्यातून निखळला होता.

"तू सांगं म्हनीसन लिधं, बेटा." तिच्या शब्दावर त्यांनी तो धुळ्याच्या त्याच दुकानातून विकत घेतला होता.

हेमलतानं आपला सामुराई आणून शेजारी ठेवला. नानांच्या सामुराईच्या डोळ्यांचा रंग फिसकटलेला, प्लास्टिकला तेलकट वास. सरळ नक्कल होती.

रविवारी ती धुळ्याला गेली. दिपमालानं नानांच्या सामुराईचा फोटो पाहिला, पण दचकली नाही.

"तुला अस्सलच दिला होता ना?" ती म्हणाली. "तू खोटं बोललीच नाहीस."

"आणि दुकानात?"

"बाकीचा माल कॉपीच आहे. लोकांना कुठे कळतं? मला एकामागे हजार मिळतात. तुलाही देणार होते."

"म्हणजे मला अस्सल दिलास, तो मी मनापासून बोलावं म्हणून?"

दिपमालानं फोटो बाजूला सारला. मग म्हणाली, "तुझ्यावर विश्वास ठेवतात लोक. माझ्यावर कोण ठेवतं?"

हेमलता चहा न घेता उठली. घरी येऊन तिनं सगळं सांगणारा व्हिडिओ केला, दुकानातून घेऊ नका म्हणाली, हात जोडून माफी मागितली. तासाभरात तो व्हिडिओ गायब झाला. मग चॅनलही उघडेना. दिपमालानं पासवर्ड बदलला होता. अकरा वर्षांची मैत्री, पण तिनं फोनसुद्धा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती अमळनेरला नानांकडे गेली. काहीही न लपवता सगळं सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"ती तुनी मैतरीन शे ना?" त्यांनी विचारलं. "मंग तुले कसं म्हाईत नही?"

ती पिशवी घेऊन उठली. नाना तिला स्टँडपर्यंत सोडायला आले, पण निरोप देताना या वेळी त्यांनी तिला बेटा म्हटलं नाही.