दाराजवळचा दिवा

"हा दिवा रोज लागते का, काकू?"

उन्मेषनं सहज विचारलं, पण प्रेमिलाबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला.

तोवर सगळं बरं चाललं होतं. विमा कंपनीचा हा मुलगा सकाळपासून लकडगंजातल्या त्यांच्या दार-खिडक्यांच्या कारखान्यात फिरत होता. मशिनी बघितल्या, सागाच्या फळ्या बघितल्या. वर्षाचा हप्ता ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला होता.

"काय बाप्पा! एक अख्खं सागाचं दार गेलं की यात."

"लाकूड पटकन पेटते, काकू. लोखंडाचं दुकान असतं तर कमी लागलं असतं. रात्री मेन स्विच पाडता ना?"

"त्याच्याशिवाय कुलूपच नाही लावत आम्ही."

आणि मग त्याला शटरशेजारच्या कोनाड्यातली ती पणती दिसली.

"रात्रभर लागते," कारागीर अंकुशच बोलून गेला.

पहिला कारखाना याच गल्लीच्या टोकाला होता. शेजारच्या गोदामात वायर पेटली, तेव्हा प्रेमिलाबाईंचे यजमान देवराव हत्यारांची पेटी आणायला आत गेले. आगीनं नाही, धुरानं गेले. दारापासून दोन हातांवर सापडले, तोंड भिंतीकडे. अर्ध्या नागपूरला दारं करून दिली त्या माणसानं, आणि स्वतःला दार सापडू नये! विमा नव्हताच. बांगड्या मोडून बाईंनी हा नवा कारखाना उभा केला.

पण देवराव इथंही आले. संध्याकाळी मेन पाडला की आतून रंधा चालल्याचा आवाज येई, मग कोणी भिंत चाचपडत असल्याचा. बाईंना त्या आवाजाची भीती नव्हती. आपला माणूस अजून अंधारात दार शोधतो आहे, या विचारानं मात्र जीव कासावीस होई. म्हणून तो दिवा.

"काकू, लाकडात उघडा दिवा आणि राखाले कोणी नाही," उन्मेष खालच्या आवाजात म्हणाला. "उद्या काही झालं तर कंपनी छदाम देणार नाही. भरलेला हप्ता फुकट जाईन. सेलवरचा दिवा ठेवा ना."

"सेल कवा सरन, कोणाले समजते? तेलाचं मले समजते."

अंकुशनं हातातली पटाशी खाली ठेवली.

"वहिनी, भाऊले मी खांदा देल्ला. मले का त्यायची माया नाही? पण आगीत गेलेल्या माणसासाठी आपण रोज लाकडात आग ठेवून जातो. मले झोप नाही लागत. हे जळालं तर माह्या लेकरायनं कोणाच्या दारात जावं?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग इतके वर्ष काहून नाही बोलला गा?"

"तुमच्या तोंडाकडे पाहून."

बाईंचा राग आला तसाच उतरला आणि नुसतं रडू उरलं. ते त्यांनी पदरात पुसलं आणि उन्मेषला म्हणाल्या, "आण, कुठं सही करू?"

संध्याकाळी अंकुश घरी गेला नाही, शटरबाहेर उभा राहिला. बाईंनी मेन पाडला. देवरावांच्या फोटोवरच्या हारातलं एक फूल काढून त्या फुलानं पणतीची वात शांत केली. पणती पदरानं धरून त्या बाहेर आल्या. हप्त्याचा हिशेब सकाळीच कळला होता, पण विम्याची खरी किंमत त्यांना आत्ता कळत होती.

आत रंधा चालला होता. मग थांबला. भिंतीवरून हात फिरू लागला.

अर्ध्यावर आणलेलं शटर धरून बाई वाकल्या.

"डाव्या हाताची भिंत सोडू नका," त्या अंधारात म्हणाल्या. "दार जवळच हाये. मी उभी हावो इथं."

शटर तसंच धरून त्या थांबल्या. अंकुश वाटेतून बाजूला सरकला.