हौदातलं कवच

रत्नप्रभा गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या सकाळी आमच्या परसातल्या हौदाचं पाणी हिरवं झालं आणि तिच्या आवाजात म्हणालं, "अहो, हौद घासू नका."

मी घासला नाही. आमच्या बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरा थर धरतं. हौद ती काथ्यानं घासायची. आता शेवाळ वाढत गेलं. ऊन पडलं की त्याच्या एकेका कणावर पाण्यातला चुना बसायचा आणि दोन वाट्यांचं कवच व्हायचं, वाटीला वाटी लावलेली. अस्थी सावडून आलो तेव्हा सगळे कण एक झाले होते आणि दोनच वाट्या उरल्या होत्या, परातीएवढ्या. मी आनंदानं ओरडलोच.

"चुना कमी पडतोय," ती म्हणाली.

मी तिच्या पानाच्या डब्यातला चुना टाकला. घर रंगवायला आणलेला टाकला. वाट्या दाराएवढ्या झाल्या. त्यांना जागा हवी म्हणून हौद लांब झाला. एका वाटीत ती पाठ टेकून बसली होती, हिरवी, नेहमीसारखी घाईत.

"अजून आणा की."

मी चिंचेला टांगलेलं अस्थींचं गाठोडं सोडलं. तेवढ्यात माझी बहीण शकू आली.

"दादा, जीप दारात उभी आहे. नदीवर सगळे खोळंबलेत."

"बघ तरी, कशी भराभर वाढतेय!"

"मला शेवाळ दिसतंय. आणि धोतर भिजवलेला म्हातारा."

मी एकेक अस्थी पाण्यात सोडली. पाणी दुधासारखं व्हायचं, कवच जाड व्हायचं. दुसरी वाटी रिकामीच होती.

"ही कुणाची?"

"विचारताय काय? बसा."

मी बसलो. माप घेऊन केल्यासारखी ती वाटी माझ्या पाठीला बसली. मला हसूच आवरेना. परसाच्या भिंती जवळ आल्या, चिंच आत वाकली, वाट्यांच्या कडा चहूकडून जुळत आल्या. एक फट तेवढी राहिली. शकूनं तिच्यातून हात आत घातला.

"दादा, एक तरी दे. नदीत काय सोडू मी?"

माझ्या मुठीत शेवटचा तुकडा होता.

"फटीला तेवढाच लागतो," रत्नप्रभा म्हणाली आणि तिनंही हात पुढे केला.

अस्थींचं विसर्जन अजून झालेलं नाही. कवचही मिटायचं राहिलं आहे.